अर्धे वाक्य

मराठीत 'खबर' हा शब्द तसा निरुपद्रवी आहे. परगावी गेलेल्या मुलाची खबर आली नाही, तर आईच्या घशाखाली घास उतरत नाही. पहारेकऱ्याच्या 'खबरदार'मध्येही तोच शब्द दडलेला आहे. परंतु त्याच शब्दाला शेवटी एक ईकार लागला की त्याचा सारा रंग पालटतो. 'खबरी' म्हटले की ऐकणाऱ्याच्या कपाळावर नकळत आठी उमटते. आपल्या समाजात तर अशा माणसासाठी एक नाव तयारच आहे : जुदास! तीस नाण्यांची ती कथा ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. त्यामुळे अशा माणसाचा निवाडा करायला आपल्याला फार वेळ लागत नाही. एके काळी आम्हीही तो सहज करीत होतो. ती सहजता आमच्याकडून कशी हिरावली गेली, ते आज लिहावयाचे आहे. जवळजवळ चाळीस वर्षे आम्ही ते कोणाला सांगितले नव्हते.

वसईहून आम्ही मुंबईला शिक्षकाच्या नोकरीसाठी गेलो, ते १९८५ साल. भायखळ्याच्या बाजूला एका चाळीत आमच्या दूरच्या नात्यातल्या एक विधवा मावशी राहत. त्यांच्या खोलीत आम्हाला एक खाट आणि दोन वेळचे जेवण मिळाले. सोमवार ते शनिवार शाळा, शनिवारी दुपारी दादरला गाडी बदलून गावी आणि रविवारी संध्याकाळी परत, असा आमचा क्रम होता. चाळीत नाना जातिधर्मांची माणसे होती. पण बहुतेक घरांवर एकच सावली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या हातांचे काम गेले होते. भोंगा थांबला तो अनेकांसाठी पुन्हा वाजलाच नाही. बाप भाजीची पाटी घेऊन बसला, आईने पापड लाटायला घेतले आणि मिसरूड फुटलेले मुलगे नाक्यावर उभे राहू लागले. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मुलांना काम देणारी माणसे त्या काळी भायखळा-आग्रीपाड्यात पुष्कळ होती. ते काम कसले, हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी उघड बोलत नव्हते.

चाळीच्या जिन्याखाली एका लाकडी मेजावर कोळशाची इस्त्री घेऊन एक गृहस्थ उभे असत. वय चाळिशीचे, अंगाने काटक. ते पूर्वी गिरणीत साच्यावर होते. सारी चाळ त्यांना 'भाऊ' म्हणे, आम्हीही भाऊच म्हणत होतो. ते आम्हाला 'मास्तर' म्हणत. पाण्याचा हबका मारून शर्टाची कॉलर ते अशी बसवीत की शाळेत आमच्या कपड्यांची तारीफ होई. इस्त्रीवाला हा मोठा जाणता माणूस असतो. कोणाकडे अचानक नव्या पँटी आल्या, कोण रात्री उशिरा येतो, कोणाच्या बाहीवरचा डाग धुऊनही गेला नाही, कोणाच्या घरी चार दिवस पाहुणा लपला आहे, हे त्याला कपड्यांवरून कळते. प्रत्येक दारापर्यंत त्याला मोकळी वाट असते. हे सारे आम्हाला नंतर सुचले. तेव्हा आम्हाला ते फक्त एक कष्टाळू शेजारी वाटत.

त्या काळच्या मुंबईचे चित्र वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. सोन्याच्या चोरट्या आयातीवर मोठी झालेली जुनी मंडळी मागे पडली होती आणि खंडणी, जागा आणि सूड यांवर जगणाऱ्या नव्या टोळ्या पुढे आल्या होत्या. १९८१ साली प्रभादेवीला एका पेट्रोलपंपावर दाऊद इब्राहिमचा भाऊ शाबीर मारला गेला. पुढच्याच वर्षी, ११ जानेवारीला, मन्या सुर्वे वडाळ्याला टॅक्सीतून उतरला तेव्हा पोलीस त्याच्यासाठी आधीपासून दबा धरून बसले होते. तो तिथे येणार ही खबर पोलिसांना कोणी दिली, यावर शहरात पुढे अनेक कथा रचल्या गेल्या. चकमकीतल्या अधिकाऱ्यांची नावे छापून आली. खबर देणाऱ्याचे नाव कोणत्याही कागदावर नाही. १९८७ साली तर बाबू रेशीम नावाच्या टोळीप्रमुखाला पोलीस कोठडीत शिरून ठार मारण्यात आले. कोठडीतला, पहाऱ्यातला माणूस जिथे वाचत नव्हता, तिथे उघड्या जिन्याखाली उभ्या असलेल्या माणसाचा भरवसा तो काय!

अशा शहरात पोलिसांना डोळे आणि कान लागतात, आणि ते खाकी गणवेशातले असून चालत नाही. टोळीत कोण आहे, शस्त्र कुठे ठेवले आहे, कोणाची सुपारी निघाली आहे, हे टोळीच्या जवळ बसणाऱ्यालाच कळते. म्हणून खबरी बहुधा सज्जनांच्या पंगतीतला नसतो. कोणी पाकीटमार, कोणी बारमधला वेटर, कोणी मटक्याच्या चिठ्ठ्या लिहिणारा, कोणी टोळीतच राहून टोळीवर रुसलेला. कोणी पैशासाठी बोलतो, कोणी वैरासाठी. कोणाच्या मानेवर एखादा जुना गुन्हा टांगलेला असतो, आणि तो खाली पडू नये म्हणून तो बोलतो. पोलिसांच्या कागदावर या सर्वांचे मिळून एकच वाक्य होते : 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की...' या वाक्यामागे एक जिवंत माणूस आहे, त्याला बायकामुले आहेत, हे त्या कागदावरून कोणालाही कळत नाही. आणि कळू नये अशीच योजना असते.

कायद्यानेही ती योजना मान्य केली आहे. १८७२च्या पुरावा कायद्यात कलम १२५ होते. गुन्ह्याची माहिती कोठून मिळाली, हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येणार नाही, असे ते म्हणत होते. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी हे संरक्षण त्याच्या १३१व्या कलमात कायम आहे. म्हणजे दीडशे वर्षे राज्यसत्तेने खबऱ्याला एकच गोष्ट देऊ केली आहे : मौन. ते मौन पाळण्याचे बंधन न्यायालयापुरते आहे. नळावर, गॅलरीत, कॅरमच्या पाटाभोवती ते कोणावर नाही.

आता आमची गोष्ट. १९८६च्या पावसाळ्याची अखेर होती. एका रविवारी संध्याकाळी गावाहून परतताना आम्ही दादरला उतरलो. गाडीला अवकाश होता, म्हणून स्टेशनबाहेरच्या एका इराण्याकडे चहा घ्यायला गेलो. कोपऱ्यातल्या टेबलाशी भाऊ बसले होते. समोर एक धिप्पाड गृहस्थ होते. अंगात साधा बुशशर्ट, केस बारीक कापलेले आणि पायात तपकिरी बूट. तसे बूट पोलीस घालतात, हे आम्हाला ठाऊक होते. भाऊंची आणि आमची नजरानजर झाली. त्यांनी ओळख दाखविली नाही. आम्हाला त्याचा थोडा रागच आला. रोज 'मास्तर, मास्तर' म्हणणारा माणूस साधी मानही हलवीत नाही, म्हणजे काय!

रात्री जेवण झाल्यावर आम्ही गॅलरीत आलो. तिथे कॅरमचा डाव रंगला होता. पावसामुळे कपडे वाळत नाहीत, इस्त्रीला उशीर होतो, अशी कोणाची तरी तक्रार चालली होती. आम्ही सहज, हसत हसत म्हणालो, "उशीर होणारच. भाऊ आज दादरला चहा पीत बसले होते. समोर एक साहेब होते, बूट तर अगदी पोलिसाचे..." वाक्य आम्ही पुरतेही केले नाही. दोघे-तिघे हसले, कोणी सोंगटी मारली आणि विषय संपला. कठड्याला टेकून एक तरुण उभा होता. तो खेळत नव्हता. थोड्या वेळाने पाहिले, तर तो तिथे नव्हता. यात लक्षात ठेवण्यासारखे काही आहे, असे त्या वेळी आम्हाला वाटले नाही.

चौथ्या दिवशी आम्ही शाळेतून परतलो, तेव्हा जिन्याखालचे मेज उलटे पडले होते आणि ओल्या फरशीवर विझलेले निखारे पसरले होते. दुपारी दोघे जण आले, त्यांनी चॉपरने वार केले आणि चालत निघून गेले, असे समजले. मेजाभोवती एरवी चार माणसे असत. त्या दुपारी कोणी काही पाहिले नव्हते. भाऊ वाचले. परंतु वार अडविताना उजव्या हाताची दोन बोटे गेली. ज्या हाताने साचा चालविला आणि पुढे इस्त्री धरली, तोच हात.

आम्ही इस्पितळात गेलो. मोसंबी नेली होती. हातावर भले मोठे बँडेज बांधून ते भिंतीकडे पाहत पडले होते. हल्लेखोरांना आपण ओळखत नाही, असा जबाब त्यांनी दिल्याचे वहिनींनी हलक्या आवाजात सांगितले. एरवी खबर देणाऱ्या माणसाने स्वतःवरच्या वारांची खबर मात्र दिली नाही. तपकिरी बूटवाले साहेब तिथे दिसले नाहीत. येणे त्यांना शक्यही नसावे. ते आले असते, तर उरलेला संशयही फिटला असता. आम्हाला काहीतरी बोलायचे होते. रविवारची ती गोष्ट घशापर्यंत आली होती. पण ती बाहेर पडली नाही. भाऊच म्हणाले, "मास्तर, गिरणी चालू राहिली असती, तर मी तरी कशाला..." आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

पंधरा दिवसांनी ते बिऱ्हाड रात्रीतून गावी गेले. त्या दिवशी संध्याकाळी वहिनी प्रत्येक दाराशी आल्या होत्या. इस्त्रीला आलेले सारे कपडे त्यांनी स्वतः इस्त्री करून आणले होते. आमच्या हातावर घड्या ठेवीत त्या म्हणाल्या, "मास्तर, आठ कपडे आहेत, मोजून घ्या." पैसे किती झाले, असे आम्ही विचारले. "ह्यांनी सांगितलंय, मास्तरांकडून घ्यायचे नाहीत," असे म्हणून त्या पुढच्या दाराकडे वळल्या. का घ्यायचे नाहीत, हे आम्ही विचारले नाही. आम्ही इस्पितळात मोसंबी घेऊन गेलो म्हणून, की आम्ही काय केले हे त्यांना ठाऊक होते म्हणून? या प्रश्नाचे उत्तर आजतागायत आम्हाला मिळालेले नाही.

त्या रात्री आम्ही मावशींना सारे सांगितले, म्हणजे बोललेले वाक्य सोडून सारे. भाऊ पोलिसांना मिळालेले होते, असे लोक म्हणतात, असे आम्ही म्हणालो. मावशींनी माळ बाजूला ठेवली. "लोक काय म्हणतात! मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. त्यांचा थोरला सतरा वर्षांचा असताना कोणाचे तरी 'सामान' पोहोचवायला गेला आणि सापडला. साहेबाने त्याला सोडले, पण बापाला धरले. पोराच्या मोबदल्यात बाप, असा सौदा होता तो." आम्ही थक्क झालो. "मग तुम्ही कधी बोलला नाहीत!" त्यावर त्या म्हणाल्या, "अरे बाबा, ठाऊक आहे म्हणून काय सांगायचे असते?" चौथी शिकलेल्या त्या बाईला जे कळत होते, ते आम्हा पदवीधर शिक्षकाला कळले नव्हते.

यानंतरच्या काळात खबऱ्यांविषयी जे काही छापून आले, ते आम्ही वाचीत गेलो. १२ सप्टेंबर १९९२ रोजी जे. जे. रुग्णालयात पोलीस पहाऱ्यातल्या जखमी गुंडावर गोळीबार झाला, तेव्हा आम्हाला भाऊंची ती खाट आठवली. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत देवळाबाहेर गुलशनकुमार यांची हत्या झाली. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त राकेश मारिया यांनी २०२० साली आत्मकथन प्रसिद्ध केले. या हत्येचा कट शिजत असल्याची खबर आपल्याला एका खबऱ्याने काही महिने आधीच दिली होती, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. खबर खरी होती; तरीही माणूस वाचला नाही. मारियांचे नाव आपण वाचतो, मारेकऱ्यांची नावे वाचतो. जिवावर उदार होऊन ती खबर आणणारा मात्र पुस्तकातही निनावीच राहतो. तसाच राहिला पाहिजे, ही त्यातली आणखी एक खंत.

या माणसांवर पुस्तक लिहिण्याचे धाडस ज्योतिर्मय डे या इंग्रजी पत्रकाराने केले. गुन्हेगारी जगतात खबऱ्याला 'झीरो डायल' असे सांकेतिक नाव आहे. तेच नाव देऊन त्याने २०१० साली पुस्तक काढले. पुढच्याच वर्षी, ११ जून २०११ रोजी, पवईला मोटारसायकलवरून जात असताना त्याला गोळ्या घालण्यात आल्या. २०१८ साली विशेष न्यायालयाने छोटा राजन आणि इतरांना त्या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. पत्रकाराच्या खुनाचा निदान खटला तरी चालला, कारण त्याला नाव होते. त्याच्या पुस्तकात वावरणाऱ्या माणसांना ते नाही.

खबरी म्हणजे हुतात्मा, असे आमचे म्हणणे नाही. खोटी खबर देऊन आपल्या वैऱ्याचा काटा पोलिसांकरवी काढणारे खबरी असतात. दोन्हीकडून पैसे खाणारे असतात. नव्वदच्या दशकात चकमकी वाढल्या, तेव्हा एखाद्याच्या कुजबुजीवर कोणाचा तरी जीव जात होता. म्हणूनच सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चकमकींविषयीच्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात काही नियम घालून दिले. गुन्हेगारांच्या हालचालींची गंभीर गुन्ह्याविषयी मिळालेली खबर कोणत्या तरी स्वरूपात लेखी नोंदविली गेली पाहिजे, हा त्यांतला पहिला नियम होय. तो योग्यच आहे. २०१८ साली त्याच न्यायालयाने साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना देशभर लागू केली, तीही योग्यच. परंतु खबरी साक्षीदार नसतो. जिवंत राहायचे म्हणूनच तर तो साक्षीला उभा राहत नाही. जकातखात्यात चोरटा माल पकडून देणाऱ्याला मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत बक्षीस देण्याचे नियम तरी आहेत. चाळीतल्या भाऊला त्या साहेबांच्या खिशातून काय मिळत असेल, ते साहेबांनाच ठाऊक. आता मोबाईल फोन आणि रस्त्यावरचे कॅमेरे यांमुळे खबऱ्याची गरज कमी झाली, असे म्हणतात. यंत्र आवाज पकडते, चेहरा पकडते. माणसाच्या मनात काय शिजते आहे, ते अजूनही माणसालाच कळते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एक निवृत्त पोलीस अधिकारी राहायला आले. रविवारी चर्चहून परतताना कधी ते आमच्या ओट्यावर बसतात. एकदा आम्ही धीर करून विषय काढला. ते म्हणाले, "सर, माझ्या खबऱ्यांची नावे मी वरिष्ठांनाही सांगितली नाहीत. लिहून तर कधीच ठेवली नाहीत. पण बदली झाली की तो माणूस पोरका होतो. नवा साहेब त्याला ओळखत नाही, आणि जुन्या साहेबाचे त्या हद्दीत काही चालत नाही." आम्ही विचारले, "मग ती माणसे उघडी कशी पडतात?" ते जरा हसले. "लोकांना वाटते, पोलीस फोडतात. तेही घडते, नाही असे नाही. पण बहुतेक वेळा कोणीतरी शेजारी सहज बोलून जातो. त्याच्या मनात काही वाईटही नसते."

चहाचा कप आमच्या हातात तसाच राहिला. त्यांना आमची गोष्ट ठाऊक नव्हती. त्या दिवशी प्रथमच आम्ही ती कोणाला तरी सांगितली, कठड्याला टेकलेल्या त्या तरुणासकट. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. तुमच्यामुळेच ते घडले असे नाही, असे म्हणून त्यांनी आमची समजूत घातली असती, तर आम्हाला बरे वाटले असते. त्यांनी तसे म्हटले नाही. तुमच्यामुळेच घडले, असेही म्हटले नाही. जाताना एवढेच म्हणाले, "त्यांनी पैसे घेतले नाहीत ना? मग ते तुमच्याकडेच आहेत असे समजा."

त्या बोलण्याचा अर्थ आम्ही आमच्यापुरता लावला आहे. ज्या माणसाला आम्ही मनातल्या मनात जुदास ठरविले, त्याने आपल्या मुलासाठी स्वतःला गहाण टाकले होते. आम्ही तर काहीच मोबदला न घेता, हसत हसत, त्याची खबर देऊन मोकळे झालो. खबरी कोण होता, या प्रश्नाचे उत्तर द्यायला आता आमची जीभ कचरते. वाचकहो, आपल्या वाडीत, चाळीत, नळावर, चर्चच्या पायऱ्यांवर आपण रोज किती बोलतो! कोण कोणाबरोबर दिसला, कोणाच्या घरी कोण आले, कोणाचे बूट कसले होते. त्यातले कोणते वाक्य कोण ऐकत उभा आहे, हे आपल्याला दिसत नाही.

मावशी १९९४ साली वारल्या. ती चाळही पुढे पाडली गेली. आम्ही मात्र आजही शर्टाला इस्त्री करून घेतो, तेव्हा घड्या मोजून घेतो. आणि कोणाविषयी काही ठाऊक असले, तरी ते सांगायचेच असते असे नाही, हे स्वतःला बजावतो.